आक्षेप आणि शेरा यांतील दीडशे मीटर

चेन्नईच्या दक्षिणेकडे जुन्या महाबलीपुरम रस्त्याला लागून असलेल्या पेरुंगुडीची दोन रूपे आहेत. एक रस्त्यावरून दिसणारे, संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारतींचे. या पट्ट्यात देशभरातून आलेली तरुण मंडळी नोकरीनिमित्त स्थिरावली आहेत आणि त्यांत मराठी नावेही आहेत. दुसरे रूप या इमारतींच्या पाठीमागे, पळ्ळिकरणैच्या दलदलीच्या काठावर आहे. दक्षिण चेन्नईचा कचरा अनेक दशके तेथे येऊन पडत राहिला. एप्रिल २०२२ मध्ये या कचऱ्याला मोठी आग लागली, तेव्हा पेरुंगुडीचे नाव राष्ट्रीय वृत्तपत्रांत झळकले. त्याच वर्षी शेजारच्या दलदलीचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत झाला. पक्ष्यांचे मान्यताप्राप्त आश्रयस्थान आणि महानगराचा उकिरडा असे एकमेकांना खेटून उभे आहेत. साठलेला जुना कचरा उपसून तो वेगळा करण्याचे काम महापालिकेने हाती घेतले आहे. परंतु दशकांचा साठा वर्षांत संपत नाही.

या कचराभूमीपासून मीनंबाक्कमचे विमानतळ सरळ रेषेत आठ-नऊ किलोमीटरवर आहे. तेथील दुय्यम धावपट्टीची रेषा आग्नेयेकडे लांबवली, तर ती याच परिसराच्या दिशेने येते. १९३७ च्या विमान नियमावलीतील ९१ व्या नियमाने विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून दहा किलोमीटरच्या परिघात पक्ष्यांना आकृष्ट करील असा कचरा टाकण्यास मनाई केलेली आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी तर भरावभूमीसाठी हे अंतर वीस किलोमीटरपर्यंत नेले. ही अडचण एकट्या चेन्नईची नाही. मुंबईतील देवनारची कचराभूमीही सांताक्रूझच्या विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आतच आहे, आणि मे २०२४ मध्ये घाटकोपरच्या आकाशात रोहित पक्ष्यांच्या थव्याला विमानाने दिलेली धडक मुंबईकरांच्या स्मरणात आहे. त्या विमानातील प्रवासी सुखरूप उतरले. जवळपास चाळीस रोहित मेले.

अशा परिसरातील विमानतळाची सुरक्षा तपासणी करणारा अधिकारी आपल्या अहवालात नेमके काय लिहील, हा प्रश्न वरवर कारकुनी वाटतो. पक्ष्यांचा धोका त्याला दिसेल. नियमही त्याला पाठ असेल. पण तपासणी विमानतळाची आहे आणि कचराभूमी महापालिकेची. कुंपणाबाहेरच्या उकिरड्याबद्दल त्याने विमानतळावर ‘फाइंडिंग’ म्हणजे आक्षेप ठेवला, तर त्याची पूर्तता करणे विमानतळाच्या हातात नाही. ‘ऑब्झर्व्हेशन’ म्हणजे शेरा मारला, तर त्याचे उत्तर देण्यास कोणीच बांधील नाही. धोका तोच, पक्षी तेच, विमानेही तीच. एका रकान्यात लिहिला तर यंत्रणा हलते, दुसऱ्या रकान्यात लिहिला तर फाइल मिटते. हवाई सुरक्षेच्या जगातील आक्षेप आणि शेरा यांमधील ही सीमारेषा म्हणूनच केवळ तांत्रिक राहत नाही. उत्तरदायित्व कोठे संपते, हे ती रेषा ठरवीत असते.

दोन क्रियारूपांचा फरक

सरकारी कार्यालयांत काम केलेल्या कोणासही हा भेद नवा नाही. लेखापरीक्षक येतो, अर्धसमास पत्रे काढतो, खुलासे मागवतो. जे खुलाशाने निवळत नाही त्याचा परिच्छेद होतो. महालेखापालांच्या तपासणी अहवालात गंभीर बाबी भाग दोन-अ मध्ये जातात आणि उरलेल्या भाग दोन-ब मध्ये. कोणता मुद्दा ‘अ’ मध्ये गेला आणि कोणता ‘ब’ मध्ये राहिला, यावर कित्येक अधिकाऱ्यांची झोप अवलंबून असते. फरक इतकाच, की तेथे पणाला पैसा लागलेला असतो आणि येथे माणसे.

विमान वाहतुकीत या भेदाचे मूळ १९४४ च्या शिकागो करारापर्यंत जाते. या करारातून जन्मलेली आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजेच ‘आयकाओ’, आपले नियम दोन प्रकारांत मांडते. एक ‘मानके’ आणि दुसरा ‘शिफारस केलेल्या पद्धती’. मानकाची भाषा ‘असलेच पाहिजे’ अशी असते. एखाद्या देशाला ते पाळणे शक्य नसेल, तर करारातील ३८ व्या कलमानुसार त्याने तसे संघटनेला कळवावे लागते. शिफारशीची भाषा ‘असावे’ अशी विध्यर्थी. तिच्यासाठी असे बंधन नाही. पुढे २००३ मध्ये विमान कंपन्यांच्या ‘आयाटा’ या जागतिक संघटनेने ‘आयोसा’ हे सुरक्षा ऑडिट सुरू केले, तेव्हा हीच विभागणी तपासनिसाच्या लेखणीत उतरली. मानकाचे उल्लंघन आढळले तर आक्षेप, शिफारशीचे पालन आढळले नाही तर शेरा. नोंदणी मिळण्यासाठी कंपनीने सर्व आक्षेपांची पूर्तता केलीच पाहिजे. शेऱ्यांची पूर्तता तिच्या मर्जीवर.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते आणि ती बहुतेक वाचकांच्या समजुतीला धक्का देणारी आहे. आक्षेप म्हणजे मोठा धोका आणि शेरा म्हणजे लहान धोका, असे हे वर्गीकरण मुळात नाही. ते नियमाच्या क्रियारूपावरून ठरते. नियमात ‘पाहिजे’ असेल तर क्षुल्लक कागदी त्रुटीही आक्षेप ठरते. नियमात ‘असावे’ असेल तर प्राणघातक उणीवही शेऱ्यावर भागते. धोक्याची तीव्रता मोजण्याचा प्रयत्न वेगळ्या पद्धतीत होतो. भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे ‘डीजीसीए’ची, आक्षेपांची प्रतवारी तशी आहे. उड्डाणाच्या सुरक्षिततेला गंभीर बाधा आणणारे उल्लंघन पहिल्या पातळीवर, तेथे तत्काळ उपाय हवा. सुरक्षितता कमी करू शकेल असे उल्लंघन दुसऱ्या पातळीवर, तेथे मुदत मिळते. तथापि दोन्ही पातळ्यांना आधी उल्लंघन लागते. ज्या धोक्याविरुद्ध सक्तीचा नियमच नाही, त्याला या शिडीवर पहिली पायरीही मिळत नाही.

मंगळूर ते मुआन

या भेदाचे सर्वांत बोलके उदाहरण धावपट्टीच्या टोकाशी सापडते. धावपट्टी संपल्यावर साठ मीटरचा पट्टा असतो आणि त्यापुढे धावपट्टी ओलांडून गेलेल्या विमानाला सावरण्यासाठी मोकळी जागा राखावी लागते. तिला ‘रेसा’ म्हणतात. आयकाओच्या चौदाव्या परिशिष्टानुसार ही जागा किमान ९० मीटर असलीच पाहिजे, आणि मोठ्या धावपट्ट्यांसाठी ती २४० मीटर असावी. नव्वद हे मानक, दोनशे चाळीस ही शिफारस. ८९ मीटर जागा असलेले विमानतळ आक्षेपास पात्र; ९१ मीटर जागा असलेले विमानतळ नियमात चोख, फार तर एका शेऱ्याचे धनी. यांमधल्या दीडशे मीटरांचे ओझे कोणाच्याच खात्यावर नाही.

२२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मंगळूरच्या डोंगरमाथ्यावरील धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले. १६६ पैकी १५८ जण मृत्युमुखी पडले. हवाई दलाचे माजी उपप्रमुख एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी न्यायालयाने प्रमुख कारण नोंदवले ते वैमानिकाच्या चुकीचे: उतरणे अस्थिर असताना आणि सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्यास वारंवार सांगितले असताना त्याने विमान उतरवण्याचा हट्ट सोडला नाही. मंगळूरची ‘रेसा’ तेव्हा ९० मीटर होती, म्हणजे मानकानुसार पुरेशी. ती ओलांडल्यावर विमानाचा पंख लोकलायझर अँटेनाच्या काँक्रीटच्या बांधकामावर आदळला. विमान उतरवण्यास मदत करणारी ही अँटेना धडकेने मोडून पडेल अशा हलक्या आधारावर बसवायची असते. जागा जास्त असती तर ते विमान वाचलेच असते, असे कोणी ठामपणे म्हणू शकणार नाही. परंतु नियमाचे किमान अंतर आणि दरीची कड यांमध्ये माणसाच्या चुकीला क्षमा करील अशी जागा उरली नव्हती, एवढे निश्चित.

चौदा वर्षांनी हेच चित्र दक्षिण कोरियात पुन्हा दिसले. २९ डिसेंबर २०२४ रोजी मुआन विमानतळावर जेजू एअरच्या विमानाला पक्ष्यांची धडक बसली. चाकांविना, पोटावर उतरलेले हे विमान धावपट्टी ओलांडून सुमारे २६० मीटरवरील मातीच्या उंचवट्यावर आदळले. त्या उंचवट्यात लोकलायझर अँटेनाचा काँक्रीटचा पाया होता. १८१ पैकी १७९ जण मरण पावले. मुआनची ‘रेसा’ १९९ मीटर होती. नव्वदचे मानक तिने केव्हाच ओलांडलेले, दोनशे चाळीसच्या शिफारशीपर्यंत ती पोहोचली नव्हती. हा उंचवटा सुरक्षा क्षेत्राच्या बाहेर असल्याने नियमबाह्य नाही, अशी भूमिका कोरियाच्या मंत्रालयाने प्रारंभी घेतली. कागदावर ती खोटी नव्हती. शिफारशीइतकी जागा राखली असती, तर तो उंचवटा सुरक्षा क्षेत्राच्या आत आला असता आणि मग तो आक्षेपाचा विषय झाला असता. एका शेऱ्याकडे दुर्लक्ष झाले की पुढचा आक्षेप जन्मालाच येत नाही, हा मुआनचा धडा आहे. पक्षी आणि काँक्रीट यांचा तेथे जो योग जुळला, त्यातील पहिला घटक पेरुंगुडीच्या आकाशात रोज घिरट्या घालतो.

चेन्नईतून गेलेले पत्र

मंगळूरच्या दुर्घटनेनंतर केंद्र सरकारने नागरी विमान सुरक्षा सल्लागार समिती नेमली. चेन्नईचे वैमानिक आणि सुरक्षातज्ज्ञ कॅप्टन मोहन रंगनाथन हे तिचे एक सदस्य होते. जून २०११ मध्ये त्यांनी समितीला पत्र लिहून केरळमधील कोळिकोडच्या धावपट्टीबद्दल सावध केले. ही धावपट्टीही डोंगरमाथ्यावरची. पावसात आणि पाठीमागून वारा असताना तिच्या दहा क्रमांकाच्या बाजूने विमाने उतरवणे प्रवाशांच्या जिवाशी खेळण्यासारखे आहे, तिच्या टोकाची सुरक्षा जागा अपुरी आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. इशारा स्पष्ट होता, तो देणारा जाणकार होता आणि तो योग्य ठिकाणी पोहोचलाही होता. पण सल्लागार समितीच्या सदस्याचे पत्र हा आक्षेप नव्हे. त्याला क्रमांक नाही, मुदत नाही, पूर्ततेचा दाखला नाही.

७ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान पावसात, पाठीमागून वारा असताना, त्याच दहा क्रमांकाच्या बाजूने उतरले आणि धावपट्टी ओलांडून खाली कोसळले. २१ जणांचा मृत्यू झाला. त्यांत हवाई दलातून निवृत्त झालेले विंग कमांडर दीपक साठे आणि सहवैमानिक अखिलेश कुमार होते. साठे यांचे नागपूरशी नाते असल्याने महाराष्ट्रात ही बातमी घरच्या दुःखासारखी पोहोचली. सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर झालेल्या चौकशी अहवालाने संभाव्य कारण म्हणून मुख्य वैमानिकाने ठरलेली कार्यपद्धती न पाळल्याचे नोंदवले: अस्थिर स्थितीत उतरणे चालू ठेवले, सहवैमानिकाची सूचना असूनही विमान वर नेले नाही, आणि ते धावपट्टीच्या जवळपास मध्यावर टेकले. त्याच अहवालाने व्यवस्थेतील अपयशाचा वाटा नजरेआड करता येणार नाही, असेही म्हटले.

येथे एक तपशील लक्षात घेण्यासारखा आहे. दुर्घटनेच्या वर्षभर आधी, जुलै २०१९ मध्ये, डीजीसीएने कोळिकोड विमानतळाची तपासणी करून विमानतळ संचालकांना कारणे दाखवा नोटीस बजावली होती. धावपट्टीवरील भेगा, साचणारे पाणी, टायरच्या रबराचे थर अशा त्रुटी तीत होत्या. म्हणजे आक्षेप निघाले होते, त्यांची दखलही घेतली गेली होती. मात्र चौकशी अहवालाने वर्षभरानंतर जी प्रमुख कारणे सांगितली, ती या यादीतली नव्हती. भेग मोजता येते, पाण्याची खोली मोजता येते. पावसात कोणत्या बाजूने उतरावे याविषयीची सवय फूटपट्टीने मोजता येत नाही. जे मोजता येते त्यावर आक्षेप घेता येतो. जे केवळ अनुभवी माणसाला जाणवते ते पत्रात किंवा शेऱ्यात राहते.

आक्षेपाचा दरारा

आक्षेप निघाला की दिल्ली किती वेगाने हलते, याचा पुरावाही जवळच्या इतिहासात आहे. ३१ जानेवारी २०१४ रोजी अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने भारताची सुरक्षा श्रेणी पहिलीवरून दुसरीवर आणली. प्रशिक्षित तपासनिसांची कमतरता हे त्यामागचे एक मुख्य कारण होते. भारतीय कंपन्यांना अमेरिकेसाठी नव्या फेऱ्या सुरू करण्यास बंदी झाली. ही कमतरता काल-परवाची नव्हती. तिच्यावर वर्षानुवर्षे बोलले जात होते. पण परकीय संस्थेचा आक्षेप आणि त्याला जोडलेला व्यापारी तोटा समोर येताच नवी पदे निर्माण झाली, नियमपुस्तिका दुरुस्त झाल्या आणि ८ एप्रिल २०१५ रोजी पहिली श्रेणी परत मिळाली. नोव्हेंबर २०२२ मधील आयकाओच्या तपासणीत भारताचे गुण ६९.९५ टक्क्यांवरून ८५.६५ टक्क्यांवर गेले. प्रगती खरी होती. तिच्यामागची प्रेरणाही तितकीच खरी होती: ज्याचे उत्तर द्यावेच लागते, तेच आधी केले जाते.

याच न्यायाने जे ऐच्छिक आहे ते मागे राहते. १२ जून २०२५ च्या अहमदाबाद दुर्घटनेत २६० जणांचा बळी गेला. त्यानंतर महिन्याने आलेल्या प्राथमिक अहवालात एक लहानसा परिच्छेद होता. इंधनपुरवठ्याच्या स्विचची अडसर यंत्रणा निसटू शकते, तरी ती तपासावी, अशी माहितीपत्रिका अमेरिकी प्रशासनाने डिसेंबर २०१८ मध्ये काढली होती. ती ‘सल्लावजा’ होती, सक्तीची नव्हती; म्हणून ती तपासणी केली नाही, असे कंपनीने चौकशी पथकाला कळवले. या पत्रिकेचा दुर्घटनेशी कार्यकारण संबंध असल्याचे प्राथमिक अहवालाने म्हटलेले नाही आणि तसा तर्क लढवणे अन्यायाचे ठरेल. कंपनीने कोणताही नियम मोडला नव्हता, हेही खरे. तथापि अहवाल आल्यावर दोनच दिवसांनी, १४ जुलैला, डीजीसीएने त्या तपासणीचा आदेश काढला आणि २१ जुलैपर्यंत ती पूर्ण करण्यास सांगितले. साडेसहा वर्षे जी गोष्ट ‘करावी’ होती, ती एका आठवड्यात ‘केलीच पाहिजे’ झाली. आठवड्यात होण्याजोगे काम होते, तर ते का करायचे नाही याचे कारण आधी कोठे तरी लिहून ठेवले जायला हवे होते.

त्याच महिन्यात वार्षिक तपासणीचे आकडे जाहीर झाले. आठ विमान कंपन्यांत मिळून २६३ त्रुटी, त्यांपैकी १९ पहिल्या पातळीच्या. सरकारी अलायन्स एअरच्या नावावर ५७, कोल्हापूरच्या घोडावत समूहाच्या स्टार एअरवर ४१, देशातील सर्वांत मोठ्या इंडिगोवर २३. या आकड्यांवरून कोणती कंपनी धोकादायक याचा हिशेब मांडण्याचा मोह अनेकांना झाला. मोठ्या पसाऱ्याच्या कामकाजात असे आक्षेप निघणे स्वाभाविक असते, असा खुलासा डीजीसीएने केला आणि तो रास्त होता. अधिक आक्षेप म्हणजे कधी अधिक दोष असतात, तर कधी अधिक कसून केलेली तपासणी. या बेरजेतून दिसत नाही ती गोष्ट वेगळीच आहे. ज्या बाबी उल्लंघन नव्हत्या म्हणून नोंदल्याच गेल्या नाहीत किंवा नोंदून विसरल्या गेल्या, त्यांची संख्या कोणत्याही तक्त्यात येत नाही.

सारेच आक्षेप करावेत काय?

यावर सोपा वाटणारा उपाय म्हणजे शेरा हा प्रकारच रद्द करून प्रत्येक नोंदीला आक्षेपाचा दर्जा देणे. तो उपाय रोगापेक्षा वाईट ठरेल. हवाई सुरक्षेची निम्मी इमारत विश्वासावर उभी आहे. आपली चूक आपणच कळवणारा वैमानिक, शंका आली म्हणून विमान थांबवणारा अभियंता, ‘येथे नियम मोडलेला नाही, पण मला हे ठीक वाटत नाही’ असे लिहू शकणारा तपासनीस, ही या व्यवस्थेची खरी संपत्ती. प्रत्येक शंकेला नोटीस आणि दंडाची शेपटी जोडली, तर शंका व्यक्त होणेच थांबेल. तपासनीसही पुराव्याशिवाय आक्षेप ठेवू शकत नाही. ठेवला तर तो अपिलात टिकत नाही. अनुभवातून आलेल्या जाणिवेला कागदावर जागा मिळावी म्हणून तर शेऱ्याची सोय आहे. शिवाय तपासनिसांचे बळ किती, हाही प्रश्न उरतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेच्या परिवहन, पर्यटन आणि संस्कृतीविषयक स्थायी समितीने हवाई सुरक्षेवर अहवाल सादर केला. खासदार संजय झा यांच्या अध्यक्षतेखालील या समितीने डीजीसीएच्या मंजूर १,०६३ पदांपैकी केवळ ५५३ भरलेली असल्याचे दाखवून दिले. निम्म्या मनुष्यबळावर चालणारी यंत्रणा तपासयादीतील चौकोनांवर खुणा करू शकते. थांबून विचार करण्याची उसंत तिला मिळत नाही. शेरा मात्र विचाराशिवाय लिहिता येत नाही.

तेव्हा भेद राहावा. प्रश्न उरतो तो शेऱ्याचे पुढे काय होते याचा. युरोपीय महासंघाने विमान देखभाल संस्थांसाठी केलेल्या नियमांत याचे एक उत्तर सापडते. तेथे आक्षेपांच्या दोन पातळ्यांखेरीज शेऱ्याला स्वतंत्र स्थान आहे. शेऱ्याची पूर्तता करण्याची सक्ती संस्थेवर नाही. पण तिने त्याचा यथोचित विचार केला पाहिजे आणि आपण काय ठरवले, याची नोंद ठेवली पाहिजे. ‘आम्ही हे करणार नाही’ असे ठरवण्याची मुभा तिला आहे. मात्र तो निर्णय कागदावर असतो आणि उद्या काही घडले तर तो वाचणारा कोणी तरी असतो. उत्तर न देण्याची सोय तेवढी काढून घेतलेली आहे.

हे तत्त्व दिल्लीला परके नाही. संसदेच्या समित्यांच्या अहवालात निरीक्षणे आणि शिफारशी एकाच मथळ्याखाली, ठळक अक्षरांत छापल्या जातात. समितीला आदेश देण्याचा अधिकार नसतो. तिचे सारे काम विध्यर्थातले. तरीही स्थायी समितीचा अहवाल सादर झाल्यावर तीन महिन्यांत मंत्रालयाला आपण काय कार्यवाही केली ते कळवावे लागते. मग समिती त्या उत्तरांची वर्गवारी करते: सरकारने मान्य केलेल्या शिफारशी, उत्तर पाहून समितीने सोडून दिलेल्या, उत्तर न पटल्याने पुन्हा मांडलेल्या, आणि अंतिम उत्तराची वाट पाहणाऱ्या. मंत्रालय ‘नाही’ म्हणू शकते आणि पुष्कळदा म्हणतेही. पण त्या ‘नाही’खाली कोणाची तरी सही असते. सल्लागार स्वरूपाच्या शब्दालाही उत्तराचा हक्क असतो, हे संसदीय लोकशाहीने फार पूर्वी मान्य केले आहे. हवाई सुरक्षेच्या तपासणीला हाच नियम लागू करण्यासाठी नव्या कायद्याचीही गरज भासू नये. महासंचालनालयाच्या कार्यपद्धतीतील एखाद्या परिच्छेदाने ते होण्यासारखे आहे.

तसे झाले, तर पेरुंगुडीसारख्या जागेलाही तिचा रकाना मिळेल. विमानतळ म्हणेल की कचराभूमी आमची नाही. त्याने तसे लिहावे आणि तो कागद महापालिकेकडे पाठवावा. महापालिका म्हणेल की जुना कचरा उपसण्यास अमुक वर्षे लागतील आणि दलदलीतील पक्षी हलवता येत नाहीत, हलवूही नयेत. तिनेही तसे लिहावे. राज्य सरकारने आपली बाजू लिहावी. या कागदांनी एकही घार धावपट्टीपासून दूर जाणार नाही. परंतु मीनंबाक्कमच्या दिशेने झेपावणाऱ्या विमानातील प्रवाशाच्या वतीने एक साधा प्रश्न तरी मार्गी लागेल: हा धोका कोणाला ठाऊक होता, आणि त्याने त्याचे काय करायचे ठरवले? आजवर हा प्रश्न बहुधा चौकशी न्यायालयांनी विचारला आहे, दुर्घटनेनंतर. तो तपासणीच्या दिवशीच विचारला गेला, तर शेरा आणि आक्षेप यांमधल्या दीडशे मीटरांना अखेर कोणी तरी मालक मिळेल.